चांद्याचा खांदा

‘चांद्या दोन’ पाहिलेला माणूस नांदुऱ्यात भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेवट असा कसा केला हो? साठ फूट उंच बैल, अर्धी बाजारपेठ पायाखाली घालून आलेला, तो एका म्हातारीसमोर गुडघे टेकून पुरणपोळी काय खातो? आणि टेकले ते फक्त पुढचेच गुडघे, मागचे पाय तसेच ताठ, ते कशासाठी? त्यात काही अर्थ आहे का? एका प्राध्यापकांनी तर मला त्याचा अर्थ अर्धा तास समजावून सांगितला. मी मान डोलावली. मी लेखक नाही, दिग्दर्शक नाही. मी टेलर आहे. तो बैल मी शिवला, एवढेच.

टेलर म्हणजे शर्ट-पँटचा नव्हे. मी ताडपत्री शिवतो. ट्रकवर, कापसाच्या गाडीवर, मळणीयंत्रावर जे झाकण असते ते. कापड जाड असते, मशीन दर दहा मिनिटांनी कुरकुरते आणि कोपरे हातानेच, दाभणाने टाचावे लागतात. दाभण म्हणजे वीतभर लांब सुई. दोऱ्याला मेण लावायचे, शिवण दुहेरी घालायची, कडेला पितळी रिंगा ठोकायच्या. या धंद्यात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइके येतात. एकाने सासऱ्याकडून मिळालेल्या जीपला खिसे असलेले झाकण शिवून मागितले. खिशात काय ठेवणार, असे विचारले तर म्हणाला, ते नंतर पाहू. मी चार खिसे लावून दिले. गिऱ्हाइकाला का म्हणून विचारायचे नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि याच नियमाने पुढे माझा घात केला.

ताडपत्रीच्या आधी माझे खरे काम वेगळे होते. मी बैलांच्या झुली शिवायचो. पोळ्याला बैलाच्या पाठीवर जी आरसे लावलेली, झालरीची शाल घालतात, ती. श्रावण लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि झुली बंद झाल्या. ट्रॅक्टरला मी ताडपत्री शिवतो, पण तिला झालर लावा असे कोणी म्हणत नाही.

गजानन हा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. हात चांगला, डोके मात्र चोवीस तास फिरत असलेले. हळदीच्या व्हिडिओत नवरदेवाच्या मागे विमान पडताना दाखवले म्हणून त्याने एकदा मारही खाल्ला होता. एक दिवस तो दुकानात आला आणि म्हणाला, काका, एक बैल शिवून द्या. झूल का, असे मी विचारले. तो म्हणाला, झूल नाही, बैल. मी नियमाप्रमाणे का म्हणून विचारले नाही. माप विचारले.

माप असे: लांबी चौदा फूट, वशिंडापर्यंत उंची साडेआठ फूट. आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वरून पांढरे मांजरपाट, मध्ये गादीचा कापूस. शिंगे पाइपाची, डोळे म्हणजे मोटारसायकलचे दोन दिवे. एकेका पायात एकेक माणूस. पाय म्हणजे गोणपाटाचे रुंद नळकांडेच, त्यात माणसाने तोकडी पावले टाकायची. पुढच्या उजव्या पायातला माणूस मुंडक्याचा दांडाही सांभाळतो. बाहेर पाहायला गळ्याच्या लोंबत्या घडीत मी चार बोटांची फट ठेवली होती. त्यातून पुढच्या दोघांना दिसते. मागच्या दोघांना काहीच दिसत नाही. ते आपले पुढच्यांच्या चालीवर भरवसा ठेवून चालतात.

साडेआठ फुटांचा बैल साठ फुटांचा कसा होतो, ते मला बरेच दिवस कळत नव्हते. त्यात जादू काही नाही. बैलाच्या पायाशी खोक्यांची बाजारपेठ मांडायची, गुडघ्याएवढी. कॅमेरा जमिनीला टेकवून वर रोखायचा. बैलाने खोके तुडवले की पडद्यावर आडत दुकान कोसळते. पळणारी माणसे वेगळी काढायची आणि नंतर जोडायची. म्हणजे माणसे पळत असताना त्यांच्या मागे बैल नसतो आणि बैल तुडवत असताना पुढे माणसे नसतात. गजानन ओरडायचा, ‘घाबरा’, आणि लोक रिकाम्या वावराकडे बघून घाबरायचे.

पहिल्या भागात चांद्या नावाचा साधा बैल कारखान्याचे सांडपाणी पिऊन राक्षसाएवढा होतो, बाजारपेठ मोडतो आणि शेवटी हीरो त्याला जाळून मारतो. हीरो म्हणजे गजाननचा मेहुणा, ज्याची पिठाची गिरणी आहे. बैल खरोखर जाळला. चाळीस दिवस शिवलेली वस्तू, माझ्या बोटांची चाळण झालेली, चहा संपायच्या आत राख झाली. मी तिथेच उभा होतो. वस्तू त्याची, त्याने जाळली, मी का बोलू? पण घरी आल्यावर मला दोन दिवस जेवण गेले नाही. बायको म्हणाली, कापडच होते ना. मी हो म्हणालो.

सिनेमा मोबाइलवर आला आणि कल्पनेबाहेर चालला. पण लोक हीरोवर चिडले. मेहुण्याच्या गिरणीत बायका दळण आणेनात. काहून मारला चांद्याले, असे त्याला भर रस्त्यात विचारू लागले. सगळ्यांचे मागणे एकच, बैल परत आणा. तेव्हा गजानन पुन्हा माझ्या दुकानात आला.

या वेळी मी नियम मोडला. म्हटले, शिवतो, पण जाळायचा नाही. त्याने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

आता ‘चांद्या दोन’ची गोष्ट सांगतो, म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो. कागदावर काहीच नव्हते. पहिल्या दिवशी गजानन म्हणाला, हा तोच चांद्या, तो मेलाच नव्हता. मी विचारले, मग राख कोणाची? तो म्हणाला, थे पब्लिक नाई इचारत. दोन दिवसांनी हा चांद्याचा पाठचा भाऊ झाला. आठवड्याने त्यात एक राक्षसी रानडुक्कर आले. ते मी जुन्या काळ्या ताडपत्रीतून शिवले, आणि त्याच्या कुशीवर ट्रकमालकाचे अर्धे नाव तसेच राहिले. आता डुक्कर पिके खाणार, बैल त्याला हरवणार आणि मग लोक बैलालाच मारणार. का, तर बैल फार मोठा आहे म्हणून. मी म्हटले, म्हणजे बैल चांगला की वाईट? गजानन म्हणाला, काका, मले बी समजून नाई राह्यलं.

त्यात दृश्ये उलटसुलट काढायची. बैल मेल्यावर गाव रडते, ते दृश्य सगळ्यात आधी काढले, कारण त्या दिवशी ढग होते. आपण कोणासाठी रडतो आहोत हे रडणाऱ्यांना माहीत नव्हते. एका बाईने मला हळूच विचारले, कोन गेलं म्हने? मी म्हटले, अजून कोनी नाई, माय.

शूटिंग सोनाळ्याजवळ एका शेतात होते, मागे सातपुड्याचे डोंगर दिसावेत म्हणून. सुरुवातीला बैल रोज टेम्पोतून उभाच न्यायचो. रस्त्यात माणसे त्याला हात जोडायची. मला हसू यायचे. तेव्हाच विचार करायला हवा होता.

ते शेत पारबतीमायचे. वय ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेली, डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झालेले आणि त्यामुळे कोंबड्यांपुढचे दाणेसुद्धा लांबून मोजणारी. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने बैलजोडी विकली. गोठा रिकामा होता, तो तिने आम्हाला बैल ठेवायला दिला. तिच्याकडे पूर्वी सालाने कामाला असलेला भगवान हा आमचा पुढचा उजवा पाय. उभी हयात त्याने बैलामागे काढली होती, त्यामुळे बैल मान कशी टाकतो, थांबताना वजन कुठल्या पायावर घेतो, हे त्याला पाठ. तो आत गेला की माझे मांजरपाट श्वास घेऊ लागायचे. गजानन त्याला काही सांगायचाच नाही.

शेवटच्या दृश्याला पुष्कळ माणसे लागणार होती. सगळा गाव काठ्या घेऊन बैलावर धावून जातो, असे ते दृश्य. एवढी माणसे मोकळी कधी मिळणार? गजाननने डोके लढवले. पोळ्याला औत जुंपत नाहीत, शेतात कोणी जात नाही, सगळे घरी असतात. म्हणून बैल मारायचा दिवस त्याने पोळ्याचा धरला. आम्ही सगळे इथलेच, पण ते एकालाही खटकले नाही. उलट वा, वा म्हणालो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी टेम्पोत दोऱ्याचे बंडल शोधत होतो. कॅमेऱ्याच्या पेटीमागे डिझेलची कॅन होती. टेम्पोची कॅन पुढे असते, मला माहीत होते. ही नवी होती. बाजूला कापडी बोळे बांधलेल्या काठ्या होत्या.

मी कॅन उचलून गजाननपुढे ठेवली. तो खाली बसला. वाद घालायची माझी तयारी होती, पण त्याने वाद घातलाच नाही.

‘काका, शेवट तं पाह्यजे न,’ तो म्हणाला. ‘पंधरा दिवस झाले, दुसरं काही सुचूनच नाई राह्यलं. बुडवाव म्हटलं तं नदीले पानी नाई. पाडाव म्हटलं तं डोंगरावर चढत नाई. लोकं शेवटाले कायतरी मोठं मांगतात.’

‘तू शपथ घेतली होती.’

‘घेतली होती, हाव.’

एवढेच बोलून तो डोळे पुसायला लागला. आता या माणसावर रागवायचे तरी कसे? मी कॅन तिथेच ठेवली आणि गोठ्याकडे आलो. काय करावे ते मला सुचत नव्हते. चोरून न्यावा तर चौदा फुटांचा बैल कुठे लपवणार? वाटले, शिवण उसवून टाकावी. दाभण हातात घेतलेसुद्धा. पण स्वतःची दुहेरी शिवण उसवायला हात चालला नाही.

दिवस कलायला आला तेव्हा पारबतीमाय वाटी घेऊन गोठ्यात आली. वाटीत लोणी आणि हळद. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलतात, म्हणून त्या संध्याकाळी ते लोण्या-हळदीने चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण देतात, म्हणजे आवतन. आवतन दिले की तो बैल पाहुणा झाला.

ती बैलाजवळ गेली, हात पुरेना म्हणून माझ्या शिडीवर चढली आणि मांजरपाटाचा खांदा चोळू लागली. दोन्ही बाजूंनी, अगदी निवांत. मला वाटले, म्हातारी थट्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नाही. मग मला वाटले, हिला खरेच बैल वाटतो की काय? पण सकाळीच तिने मला विचारले होते, या कापडाच्या आता चादरी निघतील का म्हणून. मला काहीच कळेना. चोळून झाल्यावर ती खाली उतरली, हात जोडले आणि म्हणाली:

‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

बैलाच्या आत कोणी नव्हते. मी स्वतः सगळ्यांना चहाला पाठवले होते. तरी मी फटीतून आत डोकावून पाहिले.

ती गेल्यावर गजानन आला आणि त्याने कपाळावर हात मारला. आधीच्या सगळ्या दृश्यांत बैल पांढराशुभ्र आणि आता खांद्यावर टोपलीएवढे पिवळे डाग. काका, उद्यापर्यंत हे निघालं पाह्यजे, असे सांगून तो गेला.

आता मी कबूल करतो ते नीट ऐका. चाळीस वर्षे कापडात काढलेल्या माणसाला हळदीचा डाग कशाने काय होतो हे माहीत असते. लग्नसराईत अर्धा गाव मला तेच विचारायला येतो. हळदीला साबण लागला की ती लाल होते, रक्तासारखी. भरपूर पाण्याने साबण काढला की परत पिवळी. मी हे झोपेतही सांगेन. आणि मी धुण्याचा साबण घेतला, ओला केला, दोन्ही खांद्यांवर घासला आणि पाणी न मारता तसाच वाळू दिला. मी हे का केले? मुद्दाम केले असे म्हणावे तर पुढचे काही माझ्या मनात नव्हते. चुकून केले असे म्हणावे तर माझे मलाच पटत नाही. हात चालले, एवढे आठवते.

पोळ्याच्या दिवशी माणसे जमली. अंगात नवे सदरे, हातात काठ्या, मागच्या चार-पाच जणांच्या हातात त्या बोळ्यांच्या काठ्या, अजून न पेटवलेल्या. कॅमेरा जमिनीवर लागला. चौघे बैलात शिरले आणि भगवानने नेहमीसारखी मान झटकून बैल पुढे आणला. उन्हात खांदे लालभडक दिसत होते.

गजानन ओरडला, ‘मारा.’

कोणी हलले नाही. तो पुन्हा ओरडला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काठी बगलेत धरली आणि वर पाहत म्हणाला, ‘खांदा आला न बाप्पा त्याचा.’

खांदा येणे म्हणजे जुवाने खांदा सोलून फुटणे. असा बैल आमच्याकडे जुंपत नाहीत. त्याला मारणे तर लांबची गोष्ट, आणि तेही पोळ्याला. मागून कोणीतरी म्हणाले, पारबतीमायनं त्याले आवतन देल्लं म्हनतात. ती गोष्ट रांगेतून सरकत गेली आणि एकेक काठी जमिनीला टेकली. गजानन सांगत होता, कापड आहे, कापड, काल हळद लागली, काकांना विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

तेवढ्यात पारबतीमाय ताट घेऊन गर्दीतून आली. पुरणपोळी, वर तूप. तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. ती सरळ बैलासमोर जाऊन उभी राहिली. वाकलेली कंबर आणि त्यात कॅमेरा जमिनीवरून बैलावर रोखलेला, त्यामुळे ती बैलापुढे मुंगीएवढी दिसते. ‘बस,’ ती म्हणाली, जसे ती आपल्या बैलाला म्हणत असेल.

भगवानला कोणी काही सांगितले नव्हते. त्याने पुढचे गुडघे टेकले, शेजारच्या पायानेही बघून टेकले, आणि मुंडके हळूहळू ताटापर्यंत खाली आले. मागच्या दोघांना काही दिसत नव्हते, ते तसेच उभे राहिले. म्हणून मागचे पाय ताठ. एवढाच त्याचा अर्थ आहे, प्राध्यापकसाहेब.

गर्दीत कोणीतरी पोळ्याच्या सवयीने ‘हर बोला’ म्हटले आणि दोनशे माणसांनी ‘हर हर महादेव’ केले. मेहुणा हीरो हातात पेटवायची काठी घेऊन कोपऱ्यात उभा होता. तिचे आता काय करायचे ते त्याला कळत नव्हते. गजाननने कॅमेरा बंद केला नाही. नंतर तो माझ्याजवळ आला आणि विचारले, काका, हा शेवट झाला का? मी म्हटले, मला विचारू नको.

सिनेमा लागला, गाजला, ते सगळ्यांना माहीत आहे. बैल पारबतीमायच्या गोठ्यातच राहिला. भगवानला मी एकदा विचारले, तू का बसलास? तो म्हणाला, ‘माय बस म्हने तं बसाच लागते, टेलर भाऊ.’

यंदा गजाननला तिसरा भाग काढायचा आहे. तो बैल मागायला सोनाळ्याला गेला, तर म्हातारीने त्याला परत पाठवले. म्हणाली, खांदा बरा झाल्याबिगर बैल भेटनार नाई, आणि बरा झाला की नाई ते टेलर सांगन. म्हणून तो माझ्याकडे आला. या भागाचा शेवट काय, असे मी विचारले. अजून सुचला नाही, म्हणाला.

खांदमळणीच्या दिवशी मी गेलो. सोबत एक झूल नेली होती. कोणी मागितली नव्हती. बारा वर्षांनी शिवली, चौदा फुटी बैलाच्या मापाची, आरसे लावून. बैल जरा बसला होता, पोटाजवळ उंदरांनी कुरतडले होते. आणि खांदे पिवळे झाले होते. गोठ्याचे छप्पर दोन ठिकाणी गळते. पावसाळ्यात पाणी ठिबकून साबण उतरला असणार. लालीचा मागमूस नव्हता, स्वच्छ हळदीचा रंग.

पारबतीमाय वाटी घेऊन बाजूला येऊन बसली. मी पोटाची शिवण घालायला दाभण काढले, पण अंधूक उजेडात माझा दोरा काही ओवला जाईना.

‘झाला का खांदा बरा?’ तिने विचारले.

मी पुन्हा एकदा वर पाहिले. डाग पिवळाधमक होता.

‘नाई, माय,’ मी म्हटले. ‘अजून ओला हाय.’

‘हाव,’ ती म्हणाली. ‘मले बी तसंच दिसून राह्यलं.’ मग माझ्या हातातले दाभण घेऊन तिने एका झटक्यात दोरा ओवला आणि माझ्या हातात परत दिला.